विमानाच्या टाकीतला कापूस

मैत्रिणींनो, मंडळाच्या फळ्यावर हा कागद लावते आहे, कारण मी अजून संतापलेली आहे.

दिग्रसबाहेरच्या मैदानावर कपाशीच्या फवारणीचं विमान आलंय. सकाळी बघायला गेले, तर मेकॅनिक चौकीदार सुदामभाऊंवर ओरडत होता. इंजिनाला जाणाऱ्या पेट्रोलचा दाब कमी पडत होता.

"तूच पाणी मिसळलंस. उद्यापासून येऊ नकोस."

"म्या पेट्रोलले हात नाही लावला, साहेब."

पेट्रोल काढून पाहिलं, तर पाण्याचा थेंब नव्हता. मला मात्र एक नवल दिसलं. इंजिन सुरू केलं की दाबाचा काटा ठीक असे, थोड्या वेळानं उतरे. इंजिन थांबवून टाकीचं झाकण उघडलं की हवा आत शिरल्याचा आवाज येई, मग पुन्हा काटा ठीक.

मी जन्मभर नर्स होते. सलाइनच्या बाटलीतली हवेची सुई बुजली की थेंब थांबतात.

"या टाकीत हवा कुठून जाते?" मी विचारलं.

"बाई, हे इंजिन आहे, पेशंट नाही."

"पेशंटवर आम्ही तपासल्याशिवाय आळ घेत नव्हतो."

त्यानं झाकणातलं हवा जाण्याचं बारीक भोक पाहिलं. आत कापसाचा बोळा होता.

"पेट्रोल उडून जाईन म्हनून म्या लावला," सुदामभाऊ म्हणाले. "भोक कायले असते, कोनं सांगतलंच नाही."

बोळा काढला, विमान उडालं, नोकरीही वाचली. पण माफी कुणी मागितली नाही. मेकॅनिकला सुदामभाऊंची माफी मागायला लावायला उद्या सकाळी मी जाणार आहे. माझ्याबरोबर कोण येतंय?