लुगड्याचे बोळे

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिचं जुनं लुगडं फाडून त्याचे बोळे करणं. न्याहारी झाली होती, ओट्यावर बसलो होतो. ठासणीच्या बंदुकीत आधी दारू घालायची, तिच्यावर चिंधीचा बोळा, मग छर्रे, आणि सगळं गजानं ठासायचं. रानडुकरं ऊस लोळवत होती म्हणून भावकीत मिळून ती एक बंदूक होती.

"आवं, जत्रंत घेतलंवतं हे," ती म्हणाली. "डुकरांच्या कामी आलं."

"नवं घेऊ."

"घ्याल की. डुकरांनी ऊस ठेवला तर."

लढाईचे दिवस. सांगलीत चांगली दारू मिळेना, ही चुलतभावानं कुठूनशी आणलेली. बार फुसके जायचे. तो म्हणे, ठासणाऱ्यांचे हात मेंगळट. मी म्हणे, दारूनंच ओल धरलीय. तर खळ्यावर बघू, असं ठरलं. एकदा सैल ठासून, एकदा घट्ट. सगळी भावकी तमाशाला जमावी तशी जमली.

सैल ठासलेला बार फुस्स झाला. नुसता धूर ओकला, नासक्या अंड्याच्या वासाचा. माणसं खिदळली.

"बायकोच्या लुगड्यातली दारू ती," चुलतभाऊ मला म्हणाला. "लाजणारच की रं गड्या."

ती ताकाची चरवी घेऊन माझ्या मागं उभी होती. पदर सावरून हळूच म्हणाली, "लुगडं फाटलं माझं, आन् जीभ सुटली ह्यांची."

मग चुलतभावानं स्वतः ठासलं, गजावर सगळा भार टाकून. चाप ओढला, घोडा पडला, ठिणगी देणारी टोपी वाजली, आणि पुढं काहीच नाही. ओली दारू आत धुमसत राहते, बार मागाहून उडतो. आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. नळी रानाकडं धरून गप उभं राहायचं असतं. पण दुसऱ्यांदा हसं झालं म्हणून हा चिडला. "बघा, विजली," म्हणत बंदुकीसकट आमच्याकडं वळला.

बार तेव्हा उडाला.

चरवी आधी पडली, मग ती. बैलगाडीत घालून सांगलीला निघालो. कृष्णेच्या अलीकडंच ती गेली.

दिवेलागणीला तिला अग्नी देऊन आलो, तर ओट्यावर भावकी बसलेली. कुणी म्हणालं, तिची वेळच भरली होती. चुलतभाऊ मान हलवत म्हणाला, "पर बार कसला कडक निघाला. घट्टच ठासाय पायजे." दोघांनी व्हय म्हटलं. तोंडात तंबाखूचा बार धरून व्हय. त्या तोंडांची मला अजून किळस येते. पुढं एकेक करून ते सगळे मेले, त्यांच्या तेराव्यांना पानावर बसलो, पण घास गिळवला नाही.

अग्नी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभावाचा निरोप आला. डुकरं रात्री पुन्हा उसात शिरली होती, माझ्या ओट्यावर राहिलेली दारू आणि बोळे त्याला हवे होते.

मी दारूचं मडकं गोठ्यामागच्या मुताच्या खड्ड्यात ओतलं आणि काठीनं ढवळलं. मग खळ्यावर जाऊन उडालेले बोळे वेचले, करपलेलेसुद्धा. ओट्यावरचे त्यांत मिळवून पाटाच्या पाण्यात एकेक धुतला. वास जाईना. तसेच पिळले आणि ती लुगडं वाळत घालायची त्या दांडीवर ओळीनं टाकले. वाळेपर्यंत काठी घेऊन तिथंच बसलो.