कालची चूक, चार मिनिटं

नीलूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गृहस्थांच्या सातबाराच्या प्रती काढत होतो. फोन सायलीचा. सायली लांज्याची, ताईच्या हाताखाली तयार झालेली आणि शेवटचे चार दिवस हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसलेली. "दिनूकाका, ताई गेल्या," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हणालो. फोन कानाला तसाच आणि मशीन चालूच. भानावर आलो तेव्हा त्या गृहस्थांच्या अर्ध्या एकर कातळाच्या शंभरावर प्रती निघाल्या होत्या. त्यांना तीन हव्या होत्या. काय झालं ते कळल्यावर त्यांनी सगळा गठ्ठा काखेत मारला आणि म्हणाले, "असू दे दिनूशेट, आमच्यात हिस्सेदार पुष्कळ आहेत." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, हे ताईला सांगायला हवं. आणि मग लक्षात आलं.

ती माझी चुलत बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. व्यवसायानं प्रोग्रॅमर. पुण्यात एका कंपनीत वीसेक वर्षं काढली आणि एके दिवशी दोन बॅगा घेऊन रत्नागिरीत आईपाशी, म्हणजे माझ्या काकूपाशी, राहायला आली. कारण विचारलं तर म्हणाली, "मॅनेजर करत होते मला." बढती मिळाली म्हणून नोकरी सोडणारी आमच्या घराण्यातली ती पहिलीच. मी तिला तासभर समजावलं. मी म्हणजे कोण, तर बारावीनंतर मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान टाकलेला आणि त्यानंतर स्वतःला एकदाही बढती न दिलेला माणूस. तिनं सगळं ऐकून घेतलं. "दिनू, तिथं जितकं वर जावं तितकं हातातलं काम सुटत जातं. मला अजून प्रोग्रॅम लिहायचाय," म्हणाली, आणि वर, "तुझं माझं एकच रे. कॉप्या काढून द्यायच्या. तू पानामागं पैसे घेतोस, मी घेणार नाही, इतकाच फरक."

तिनं जो प्रोग्रॅम लिहिला त्याचं नाव 'भरती'. कुठल्या किनाऱ्यावर कधी भरती, कधी ओहोटी, पाणी किती चढेल, हे तो सांगायचा. आणि तो सताड उघडा ठेवलेला. कुणीही वाचावा, प्रत काढावी, सुधारून परत पाठवावा. आमच्याकडे खाडीच्या तोंडाशी वाळू साचते, भरतीचा अंदाज चुकला तर होडी तिथंच बसते, कधी कलंडते. त्यामुळे ताईच्या प्रोग्रॅमचं पहिलं गिऱ्हाईक आमच्या बंदरावरच होतं. विठोबा तांडेल. चाळीस वर्षं होडी चालवलेला माणूस. त्यानं पहिल्या दिवशी तिची सपशेल खिल्ली उडवली. "बाय, ह्याला कम्प्युटर कशाला? तिथीला पाउणानं गुणायचं. आज चतुर्थी. चार पाऊण, तीन. तीनला भरती. झालं." ताईनं वही काढली आणि तिथंच लिहून घेतलं. आजही त्या प्रोग्रॅमच्या अगदी वर, सगळ्या गणिताच्या आधी, तांडेलाचा हा नियम लिहिलेला आहे आणि खाली त्याचं नाव. हे कळल्यावर तांडेल आठवडाभर बंदरावर कुणाशी धड बोलत नव्हता, इतका चढला होता.

माझंही नाव त्यात आहे, पण ते कसं आलं ते सांगायला मला फारसं आवडत नाही. म्हणून सांगतोच. खाडीतलं पाणी प्रोग्रॅमपेक्षा उशिरा चढतं असं तांडेल म्हणत होता. किती उशिरा ते मोजायचं ठरलं. जेट्टीच्या पायऱ्यांशी खुणा केलेला बांबू रोवला आणि अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत रोज, दर दहा मिनिटांनी पाणी कुठवर आलं ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. छत्री, पाण्याची बाटली, वही. नवव्या दिवशी दुपारी मला डोळा लागला. जागा झालो तर चार नोंदी हुकलेल्या. मी इकडंतिकडं बघितलं आणि चार आकडे ठोकून दिले. संध्याकाळी ताईनं ते सगळे आकडे स्क्रीनवर रेघेनं जोडले. रेघ छान वळणदार चढत होती, आणि मध्येच एक टेंगूळ.

"दिनू, नवव्या दिवशी दुपारी समुद्राला उचकी लागली होती का?"

मी खोकलो. ती रागावली नाही, त्या नोंदी पुसल्यासुद्धा नाहीत. मला शेजारी बसवलं आणि माझ्याच हातानं तळटीप लिहायला लावली: या चार नोंदी अंदाजाने, नोंद करणारा झोपला होता. मग तिचं इंग्रजी करून जगासमोर टाकलं. "लपवलेली चूक पुढच्या माणसाच्या होडीला लागते," म्हणाली. त्यानंतर हॉलंडहून यान नावाच्या माणसाचं पत्र आलं. समुद्राच्या पातळीखाली राहणारा, भरतीच्या बाबतीत अतिशय गंभीर प्राणी. त्यानं लिहिलं होतं, ज्या माहितीत झोपसुद्धा नोंदवलेली आहे तिच्यावर मी विश्वास ठेवतो, मला या कामात घ्या. म्हणजे आमच्या घराण्यातलं पहिलं आंतरराष्ट्रीय सहकार्य माझ्या डुलकीवर उभं आहे. पुढे त्याच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ असायची, झोपलेले गृहस्थ कसे आहेत?

दुपारी ताई माझ्या दुकानात येऊन बसायची. इंजिनिअरिंगची मुलं बायोडेटा छापायला यायची आणि ही बिनदिक्कत मशीनमधून निघणारे कागद वाचायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, गिऱ्हाइकं माझी ना! सायली तिथंच भेटली. तिच्या कागदावर चौदा कॉम्प्युटर भाषा लिहिलेल्या. ताईनं विचारलं, "यातल्या कुठल्या भाषेनं तुला रडवलंय?" मुलगी बावरली. मग एकीवर बोट ठेवलं. "मग ती ठेव. बाकीच्या तेरा शेजारच्या आहेत, ओळख आहे नुसती." मी म्हटलं, "अगो ताई, मुलीची नोकरी जाईल." त्यावर, "नोकरी लागेल तिला. नोकऱ्या लागतात आणि जातात. दुसऱ्यानं लिहिलेलं वाचून समजून घेता आलं पाहिजे, ते कुणी काढून घेत नाही." सायली पुढच्या आठवड्यात एका भाषेचा बायोडेटा छापून घेऊन गेली आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात ताईकडे 'भरती'तल्या चुका शोधायला यायला लागली. नोकरी पुण्याची लागली, काम मात्र दोन्हीकडचं.

आणि मग तंटा झाला. एका मोठ्या परदेशी कंपनीनं 'भरती' उचलून आपल्या जहाजांच्या ॲपमध्ये घातली. घ्यायला हरकत नव्हतीच, सगळ्यांसाठीच होती. पण कुठून आली ते कुठंही लिहिलं नाही. यान खवळला. म्हणाला, परवाना बदला, कंपन्यांना दार बंद करा. तिकडे त्याच कंपनीतला एक इंजिनिअर दोन वर्षं मन लावून ताईला दुरुस्त्या पाठवत होता, तो म्हणाला, काम आम्हीही करतो, मग निर्णयात आमचा आवाज का नाही? प्रश्न-उत्तरं शेकड्यांनी गेली. ताई मला वाचून दाखवायची. मला इंग्रजी अर्धंच कळायचं, पण सूर कळायचा... तो आमच्या गावच्या बैठकीचा होता. शेवटी याननं 'भरती'ची प्रत काढून स्वतःची वेगळी चूल मांडल्याचं जाहीर केलं. हे सगळं त्याच महिन्यात, ज्यात ताईचे रिपोर्ट आले. डॉक्टरांनी वर्षाची मुदत दिली होती. ती मात्र त्या रिपोर्टपेक्षा यानच्या पत्रानं जास्त खचली. "दोन भरत्या झाल्या, दिनू," म्हणाली. "एक सुधारेल, एक मागं राहील. तांडेलानं कुठल्या भरतीवर होडी घालायची? आणि मी गेल्यावर तर..." 'भरती'ची चावी तिच्या एकटीच्या हातात होती. तिच्याशिवाय नवी आवृत्ती कुणी बाहेर काढू शकत नव्हतं.

इथं मला आमच्या गावची लाज उघड करावी लागेल. देवरूखच्या बाजूला आमचं गाव. शिमग्यात देवीची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, आली की पहिला नारळ कुठल्या घराचा, यावरून आमची वाडी आणि वरची वाडी भांडली. गावात दोन होळ्या पेटू लागल्या. होळ्या दोन करता येतात, पालखी एकच. त्यामुळे ती देवळातच कुलपात राहिली. अकरा वर्षं देवी कुणाच्याच दारात आली नाही आणि अकरा वर्षं दोन्ही वाड्या आपण जिंकलो असं समजत होत्या. मी आमच्या होळीसमोर ढोल बडवणाऱ्यांत होतो, आणि फार जोरात बडवायचो. बाराव्या वर्षी काकूनं, ताईच्या आईनं, आमच्या घरचा मानाचा नारळ पदरात घेतला, ताईला बरोबर घेतलं आणि वरच्या वाडीच्या मानकऱ्याच्या पायरीवर नेऊन ठेवला. "तुम्ही फोडा. मला देवी दारात हवी." बस. म्हाताऱ्या मानकऱ्यानं नारळ उचलून काकूकडेच परत दिला म्हणतात. कुणी फोडला यावर आजही दोन मतं आहेत. पण पालखी निघाली, ती त्या वर्षापासून दर वर्षी निघते.

ताईनं ही गोष्ट, नारळासकट, इंग्रजीत लिहून सगळ्यांना पाठवली. शेवटी लिहिलं, हे भांडण पैशाचं नाही, मानाचं आहे, आणि मान माझ्याकडे आहे तोवर ते मिटणार नाही. म्हणून मी माझा नारळ ठेवते आहे. आपली चावी तिनं काढून टाकली. नव्या तीन केल्या. एक यानला, एक कंपनीच्या त्या इंजिनिअरला, एक सायलीला. तिघांतल्या दोघांचं जुळलं तरच दार उघडेल. अट एकच, ज्यानं घेतलं त्यानं कुठून घेतलं ते लिहायचं. मी तिला वेडी म्हटलं. "अगो, ज्यांनी भांडण काढलं त्यांनाच चाव्या?" ती म्हणाली, "भांडतात म्हणजे त्यांना पाहिजे आहे, दिनू. ज्याला नको असतं तो गप निघून जातो."

तीन दिवस काही नाही. ती दुकानात येऊन बसायची, चहा प्यायची. चौथ्या दिवशी दोन पत्रं आली. कंपनीनं ॲपमध्ये 'भरती'चं नाव आणि रत्नागिरी हे गाव लिहिलं होतं. आणि यानचं एका ओळीचं, मी माझी होळी विझवली. ताईनं ते मला तीनदा वाचायला लावलं. मग खुर्चीवरून उठली, आजारी बाई, आणि माझ्या दुकानाच्या काउंटरवर दोन्ही हातांनी ढोल वाजवला. काचेवरची गोंदाची बाटली खाली पडून फुटली. दोघांपैकी कुणीही तो गोंद पुसला नाही.

त्यानंतर ती आठ महिने होती. त्या आठ महिन्यांत तिनं मुद्दाम 'भरती'त एकही ओळ लिहिली नाही. तिघं भांडायची, ती नुसती वाचायची आणि हसायची. दोन आवृत्त्या तिच्याशिवाय निघाल्या, तिच्या डोळ्यांदेखत. आणि ती गेल्यावर पंधराव्या दिवशी तिसरी निघाली, ठरल्या वेळी. सायलीनं मला फोनवर वाचून दाखवलं. आपल्या खाडीचे आकडे आता पूर्वीपेक्षा नेमके झालेत. यानचा माझ्यासाठी निरोप होता: झोपलेल्या गृहस्थांना सांगा, आता जागं राहणं त्यांच्याकडे आहे.

त्याचा अर्थ मला कळला. माझ्या दुकानाबाहेर एक फळा आहे. ताई रोज सकाळी त्यावर खडूनं दोन ओळी लिहायची. वरती आजच्या भरतीची वेळ. खाली 'कालची चूक' आणि मिनिटं. चूक लिहिता यावी म्हणून ती आदल्या दिवशी भरतीच्या वेळी पायऱ्यांवर जाऊन उभी राहायची, बांबूवर नजर ठेवून, चपला हातात धरून. आता मी जातो. परवा सकाळी फळा लिहीत होतो तेव्हा विठोबा तांडेल होडीवर निघाला होता. थांबला. वरची ओळ वाचली, बोटांवर तिथीचं गणित केलं, मान हलवली.

"कालची चूक किती?"

"चार मिनिटं," मी म्हटलं. "पण ती प्रोग्रॅमची नाही, तांडेल. माझी. वाटेत चहाला थांबलो, पायऱ्यांवर उशिरा पोचलो."

"मग तसां ल्हिवा," तो म्हणाला आणि मी लिहून होईपर्यंत तिथंच उभा राहिला.