झोपलेल्या रीमभोवतीची रेघ

आव्हाड सर रेघेवर पाय देत नसत. कुठल्याच रेघेवर. दोह्यात अल नस्र भागातल्या आमच्या इमारतीखाली गाड्या लावायला पिवळे पट्टे आखलेले होते. ते ओलांडताना सर पँट गुडघ्यापाशी चिमटीत धरून जराशी वर उचलायचे आणि पाय अलगद पलीकडे ठेवायचे. एकदा द पर्लमधल्या एका हॉटेलात शाळेतल्या शिक्षकांचं जेवण होतं. तिथल्या फरशीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची नक्षी. आम्ही सगळे आत जाऊन बसलो, मेनू वाचून झाला, सूपसुद्धा आलं, तरी सर बाहेरच. काचेतून दिसत होते, एक पाय अधांतरी धरून पुढची मोकळी फरशी शोधताना. मी बाहेर जाऊन म्हटलं, "सर, लोक बघतायत. चला की आता."

"आलो, बाई. रेघेवर पाय पडला की पोराला मी बाद करतो. मंग मला काय येगळा नियम?"

मला राग लवकर येतो. सरांवर तो टिकायचा नाही, हीच पंचाईत होती.

दोह्यातल्या आमच्या भारतीय शाळेत ते पी.टी. शिकवायचे आणि मी गणित. ते सिन्नरकडचे, मी वसईची. माझे मिस्टर गॅसच्या कंपनीत, महिन्यातले अर्धे दिवस समुद्रात. सरांची बायको सासूच्या आजारपणामुळे गावाकडे अडकलेली. सरांना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. रस्त्यावर इतक्या रेघा, त्या ओलांडायच्या कशा, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे रोज सकाळी ते माझ्या शेजारी, आणि काही वर्षांनी माझी मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर ती मागे. सर तिच्याशी मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं अगदी छान चालायचं. सरांच्या मांडीवर फक्कीचा डबा असायचा.

फक्की म्हणजे मैदानावर रेघा मारायची पांढरी भुकटी. शाळेने त्यासाठी चाकांचं यंत्र आणलं होतं, सरांनी त्याला हात लावला नाही. दूध पावडरचा रिकामा डबा आणि त्याच्या बुडाला खिळ्याने पाडलेली भोकं, एवढंच त्यांचं हत्यार. कमरेत वाकून, डब्यावर तळहाताने टपटप करत ते मागे मागे सरकायचे आणि त्यांच्या पुढ्यात रेघ उमटत जायची. थंडीच्या दिवसांत सकाळी धुकं असलं की लांबून माणूस दिसायचा नाही, नुसती रेघ वाढताना दिसायची. "मागं वळून बघायचं नाय," ते म्हणायचे. "मान हालली की रेघ हालती."

हे मैदान एका क्रीडादिनाला बू राशिदच्या नजरेत भरलं. शाळेच्या बसगाड्या त्यांच्या, म्हणून पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची असायची. वयस्कर कतारी गृहस्थ, मुलाच्या नावावरून सगळे त्यांना बू राशिद, म्हणजे राशिदचे वडील म्हणत, बोलणं मवाळ, हिंदी मोडकी पण बिनधास्त. बक्षिसं वाटून झाली, लोक पांगले, तरी हे आपले मैदानाकडेच बघत बसलेले. सरांना बोलावून म्हणाले, "उस्ताद, ये सफेद गोल मेरे को मंगता. मेरे सलूकी के वास्ते."

सरांनी विचारलं, "आपके कुत्ते कितने हैं?" म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "कुत्ता नहीं, उस्ताद. सलूकी." सरांनी तिथल्या तिथे स्वतःचे कान पकडले. आणि पुढे सलूकी पाहिल्यावर मलाही तो शब्द वापरवेना. शिकारीसाठी पाळलेली अरबी जात, लांब पाय, मूठभर कंबर, कानांवर रेशमी केस, आणि माणसाकडे बघायची एक उदास तऱ्हा.

तोवर तिथे सलूकी सरळ रेषेत पळायचे. मालक गाड्यांत बसून शेजारून धावायचे, आणि धुळीत कोण जिंकलं ते कुणालाच दिसायचं नाही. बू राशिदना वाटायचं, सगळ्यांनी एका जागी सतरंजीवर बसावं, कॉफी प्यावी आणि सलूकी समोरून पुन्हा पुन्हा जावेत. दोह्याबाहेर, समैस्मा गावाच्या वाटेवर त्यांची जागा होती, मिठाने कडक झालेली सपाट जमीन. चर्चमधली शुक्रवारची मिस्सा आटोपून मी सरांना तिथे सोडायला गेले आणि दिवसभर तिथेच राहिले.

सरांनी आखलं काय, तर शाळेचा ट्रॅक. आठ लेन. बाहेरच्या लेनला अंतर जास्त पडतं, म्हणून प्रत्येक सलूकीची सुरुवातीची जागा थोडी थोडी पुढे. गणिताच्या दृष्टीने चोख काम, मी स्वतः तपासून दिलं होतं. मालकांनीही निमूटपणे आपापला सलूकी आपापल्या खणात धरला. आमिष म्हणून गाडीमागे बांधलेलं कातडं पुढे सरकलं, सलूकी सुटले आणि दुसऱ्याच क्षणी सगळेच्या सगळे आतल्या कडेला एकमेकांच्या अंगावर. सरांनी शिट्टी फुंकली. हात वर करून "फाउल" म्हणून ओरडत सलूकींच्या मागे धावले. सलूकींना लेन पाळायच्या असतात हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. बू राशिद इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

पुढच्या शुक्रवारी सरांनी सगळ्या लेन पुसल्या आणि फक्त दोन कडा आणि सुरुवातीची एक आडवी रेघ ठेवली. ती मारत मागे सरकताना त्यांच्या टाचेला काहीतरी उबदार लागलं. बू राशिदची रीम. म्हातारी सलूकी, पळणं केव्हाच सुटलेलं, उन्हात अंग टाकून गाढ झोपलेली, नेमकी रेघेच्या मध्यावर. कुणीतरी तिला उठवायला धावलं. सरांनी हातानेच थांबवलं. डबा तसाच टपटपत ते तिच्या पाठीच्या, शेपटीच्या, पायांच्या कडेने वळसा घेत गेले आणि पलीकडून पुन्हा सरळ निघाले.

मी म्हटलं, "सर, ही रेघ आहे की फुगा?"

"झोपलेल्याला उठवून आखायची आसंल तर रेघ कशाला पायजे, बाई?"

बू राशिद जवळ आले आणि वाकून तो वळसा बघू लागले. मग म्हणाले, "इसको भी जगह मिला. अच्छा है. ऐसा ही रखो." त्यानंतर दर शुक्रवारी रीम त्याच जागी येऊन झोपायची आणि सर तिच्याभोवती रेघ वळवायचे. शर्यत लागली की बू राशिद तिला उचलून मांडीवर घ्यायचे, सलूकी सुटायचे, रेघ पुसली जायची. त्याचं सरांना काहीच वाटायचं नाही.

असा तो ट्रॅक सुरू झाला. मग मोटरसायकलवाली तरुण मंडळी आली. त्यांनी त्याच वळणांवर गाड्या आडव्या घालत, माती उडवत शर्यती सुरू केल्या. लोक वाढले, सतरंज्यांच्या जागी बाकं आली. एका शुक्रवारी बू राशिद सरांना म्हणाले, "यहाँ बड़ा स्टेडियम बनेगा, इन्शाल्ला. पहला लाइन तुम मारेगा, उस्ताद. खलास." सर नुसते मान डोलावून हसले. पण परतताना गाडीत ते मांडीवरच्या डब्यावर बोटांनी ताल धरून बसले. त्या माणसाने परमुलखात दुसरं काही मागितलं नव्हतं. ही एक रेघ मात्र त्यांना हवी होती, हे मला तेव्हाच कळलं.

रीम गेली. काही वर्षांनी बू राशिद गेले. स्टेडियमचं काम त्यांचा मुलगा राशिद बघू लागला. परदेशात शिकलेला, नम्र, सतत फोनवर. बांधकाम लांबत गेलं आणि इकडे सरांची निवृत्ती आली. आमच्याकडे निवृत्ती म्हणजे नुसता हारतुरा नसतो. नोकरी संपली की इथलं राहणंही संपतं. मार्चअखेरचं विमान ठरलं आणि स्टेडियमचं उद्घाटन पुढच्या थंडीवर गेलं.

माझं डोकं फिरलं. "मी राशिदला फोन करते," मी म्हटलं. "दिलेला शब्द आहे."

"नाय करायचा. शब्द देणारा गेला. मागून घेतलेली रेघ सरळ येत नाय."

"तुमची कधी सरळ आली होती?"

सर हसले, पण डोळे हसले नाहीत. त्या आठवड्यात ते सामान बांधत होते आणि फक्कीचा डबा कुठेच दिसत नव्हता. विचारलं तर म्हणाले, शाळेत ठेवून आलो, तिकडं आता काय करायचाय.

शेवटच्या शुक्रवारी मिस्सा झाल्यावर मी सरांना गाडीत घेतलं आणि न विचारता गाडी समैस्माच्या रस्त्याला घातली. मुलगी मागे होतीच. समुद्राकडून धुकं आलं होतं आणि त्यात ते स्टेडियम अर्धंच दिसत होतं, खालच्या पायऱ्या तेवढ्या, वरचे दिवे गायब. फाटकाच्या सरकत्या दारासाठी जमिनीत लोखंडी पट्टी होती, नव्याने पांढरी रंगवलेली. सरांनी पँट चिमटीत धरली, पाय उचलला आणि आत आले.

"तुम्ही आत्ता पाय का उचललात?" शेजारून कुणीतरी इंग्रजीत विचारलं. राशिद होता. हातातला फोन त्याने खाली घेतला होता.

सर गोंधळले. मी सांगितलं की ते रेघेवर पाय देत नाहीत.

राशिद म्हणाला, "माझे वडीलही देत नसत. मॉलमध्ये, विमानतळावर, कुठेही. शेवटी हॉस्पिटलमध्ये चाकाच्या खुर्चीवरून नेत होतो, तेव्हासुद्धा दारातल्या पट्टीवर त्यांनी पाय उचलले. विचारलं की म्हणायचे, उस्तादने शिकवलंय. आम्हाला वाटायचं, त्यांच्या लहानपणचे कुणी शिक्षक असतील."

मी ते सरांना मराठीत सांगितलं. ते खालच्या पायरीवर बसले. राशिदकडे बघून हिंदीत म्हणाले, "वो मेरे से सीखा," आणि रडायला लागले. माझ्याने राहवलं नाही. पहिल्या रेघेचा शब्द, लेन, फाउल, सगळं मी राशिदला सांगून टाकलं. सरांनी मला डोळ्यांनी दटावलं, पण मी कुठली ऐकतेय.

राशिदने कामगारांना हाक मारली. चुन्याची पिशवी आली. चहाच्या खोलीतून दूध पावडरचा डबा आला, कुणीतरी त्याला भोकं पाडली. विंचरून ठेवलेल्या मऊ मातीवर सर कमरेत वाकले आणि टपटप सुरू झाली. धुक्यात थोड्या वेळाने ते दिसेनासे झाले, आम्हाला नुसती रेघ वाढताना दिसत होती. मध्यावर आल्यावर आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, सावकाश, आणि रेघ बाहेर वळू लागली. पाठ, शेपटी, पाय. तिथे कुणीही नव्हतं.

"रीम," राशिद म्हणाला. लहानपणी तो तिच्या कुशीत झोपायचा, असं त्याने मग सांगितलं. कामगार उभे राहून बघत होते. माझी मुलगी रेघेच्या टोकाशी उकिडवी बसली होती. रीम तिच्या जन्माआधीच गेली होती. तिने सरांना विचारलं, "हू इज रीम?" आणि सरांनी चुन्याचे हात पँटला पुसत तिला सगळं सांगितलं.

सर सिन्नरला गेले. पुढच्या थंडीत पहिली शर्यत झाली तेव्हा आम्ही गेलो होतो. मातीवर हाताने मारलेली रेघ होती आणि बरोब्बर मध्यावर वळसा होता. कामगारांनी त्या दिवशी पाहिलं होतं तसंच केलं. मी एकाला विचारलं, तर तो म्हणाला, "यहाँ लाइन ऐसा ही होता है, मॅडम." तेव्हापासून दर मोसमाला मी फोटो काढून सरांना पाठवायचे आणि सरांचा फोन यायचा. "उठवली नाय ना तिला?" एवढंच विचारायचे.

यंदा मी फोटो काढला आणि मग आठवलं, पाठवायचा कुणाला? सर उन्हाळ्यात गेले. झोपेतच, असं त्यांच्या बायकोने कळवलं. पुढच्या बाकावर पुण्याहून नवीनच आलेले एक इंजिनिअर बसले होते. बायकोला मोठ्याने म्हणाले, "एवढं स्टेडियम बांधलं, पण यांना एक रेघ सरळ मारता येत नाही."

माझी मुलगी घरात आणि बाहेर इंग्रजीतच बोलते. ती पुढे वाकली आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "हळू बोला, काका. रीम झोपलीय."