तळहाताची हजेरी

विसाव्या वाढदिवसाला मी घरातल्या कोयत्यानं केक कापला आणि फोटो स्टेटसला टाकला. ज्या भाईच्या मागं आम्ही पोरं फिरायचो, तोही तसाच कापायचा. दुसऱ्या दिवशी पौडच्या पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. वडलांना घेऊन ये आणि कोयताही आण.

हवालदार मावळातलेच होते. कोयता उलटसुलट करून त्यांनी मुठीजवळ राहिलेलं क्रीम अंगठ्यानं पुसलं. "ह्यो तर राब तोडायचा कोयता हाय," ते म्हणाले. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजायला आमच्याकडं फांद्या तोडतात, तो राब. "औंदा किती भारे तोडलेस?"

"त्यो कुटं येतुया," वडील म्हणाले. "मीच तोडतुया."

हवालदारांनी कोयता वडलांच्या हातात दिला. मला म्हणाले, "दर सोमवारी हजेरीला यायचं. सही नको, हात दाखवायचा."

संताप आला होता, तरी गेलो. दर सोमवारी ते माझा तळहात खिडकीच्या उजेडात धरायचे. आधी फोड आले, मग घट्टे पडले. पेरणीपर्यंत भाईचे फोन घ्यायचं मी सोडलं होतं आणि सोमवारची वाट बघायला लागलो होतो.

आता आमच्या त्या भाताच्या जमिनीवर सोसायटी उभी आहे आणि मी खोल्यांच्या भाड्यावर जगतो. परवा पौडच्या स्टँडवर हवालदार भेटले, निवृत्त, काठी टेकत. माझा तळहात बघायला त्यांनी सवयीनं हात पुढं केला.

मी दोन्ही तळवे घट्ट जुळवले आणि नमस्कार केला.