माणूस असलेलं बंद घर

गावात अपंग किती आणि त्यांना काय हवं, हे मोजायचं काम आम्हा अंगणवाडीवाल्यांच्या गळ्यात पडलं. पोलिओचे डोस आम्ही, बाळंतिणी आम्ही, आता हेही आम्हीच. डहाणूला अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग झालं. साहेबांनी बजावलं, "माहिती फक्त कुटुंबप्रमुखाकडून घ्यायची. दिव्यांग व्यक्तीला उगाच त्रास नको." काय तो जिव्हाळा! माझा तर ऊरच भरून आला.

मुहूर्तही असा काढला, की भातकापणी आटपून तलासरीकडचा आमचा पाडा वीटभट्ट्यांवर गेलेला. मागे राहतं कोण? ज्याला भट्टीवर नेऊन उपयोग नाही, तो. म्हणजे ज्याला मोजायचं तो घरी आणि ज्याला विचारायचं तो भिवंडीत. ही अक्कल कुणाची, देव जाणे.

एका अंगणात तिशीतली एक बाई एकटीच होती. लहानपणापासून दोन्ही पाय लुळे. हातांत चपला घालून सरकत सरकत ती माझ्यापर्यंत आली. भाऊ-भावजय भट्टीवर. "ताई, मलाच विचार ना," ती म्हणाली. "मी काय मुकी आहे? मला सायकल नको, कुबड्या नको. संडासाच्या तीन पायऱ्या काढून उतार करून द्या. चढताना जीव जातो. म्हणून मी दुपारनंतर पाणीच पीत नाही."

मी साहेबांना फोन लावला. "साहेब, बाई समोर बसलीय, घडाघडा बोलतेय."

"कुटुंबप्रमुख आहे?"

"नाही."

"मग घर बंद लिहा."

"अहो, दार सताड उघडं आहे! आणि माहिती तिचीच हवी ना?"

"माहिती तिच्याबद्दल हवी, तिच्याकडून नको. नियम समजून घ्या, ताई."

मी मुकाट्याने फोनवरच्या सर्वेक्षणाच्या ॲपमध्ये 'घर बंद' दाबलं. नाहीतर महिनाभर माझ्याच मागे ससेमिरा लागला असता.

"लागलं माझं नाव?" तिने विचारलं.

"लागलं," मी म्हटलं. खरं सांगायचं धाडस झालं नाही.

पुढे तालुक्याच्या बैठकीत आमच्या पाड्याची संख्या वाचली, शून्य. टाळ्याही पडल्या, जणू आम्ही अपंगत्व हद्दपारच केलं! वेळेत काम संपवल्याबद्दल मला गुलाबाचं फूल दिलं. मी ते घेतलंही, निर्लज्जासारखं.

होळीला भट्टीवरची माणसं परतली. मी पाड्यावर गेले, तर लांबूनच हाका मारत, हसत ती सरकत आली. मला थेट घराच्या मागे घेऊन गेली. संडासाचं दार जमिनीपासून दोन हात वर, आणि खाली नुसता विटांचा चुरा.

"भाऊ उद्या परत जाईल ना, म्हणून त्याच्याकडून आजच पायऱ्या फोडून घेतल्या," ती म्हणाली. "उताराचा मिस्त्री कधी येतो, ताई?"