ब्रेकवर पाय ठेवला की

गाडी एक लाख ऐंशी हजार किलोमीटर चाललेली होती, त्यामुळे तिच्याबद्दल वाटेल ते बोलायचा हक्क सगळ्यांना आपोआप मिळाला होता. मी ती रोज नोएडाहून सेंट्रल सेक्रेटरिएटच्या ऑफिसला न्यायची. रस्त्यावर लोण्यासारखी पळायची. सिग्नलला थांबली की हीव भरल्यासारखी थडथडायची. दोनदा तर बंदच पडली आणि मागच्यांनी हॉर्न वाजवून माझा उद्धार केला.

सेक्टरच्या मार्केटमधल्या मेकॅनिकने प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला. त्याच्या दारात उभी असताना गाडी गुमान चालायची. "देखिए, मक्खन!" तो म्हणायचा. पहिल्याच सिग्नलला पुन्हा थडथड.

एका सकाळी सिग्नल लांबला. पाय अवघडला म्हणून मी हँडब्रेक ओढला आणि ब्रेकवरचा पाय काढला. थडथड थांबली. पुन्हा पाय ठेवला, सुरू. चार वेळा करून पाहिलं. गेले काही दिवस ब्रेक दगडासारखा घट्टही लागत होता.

मी मेकॅनिकला हे सांगितलं. तो हसला. "मैडम, ब्रेक का इंजन से क्या लेना-देना? आप सर से बात करा दीजिए."

सर म्हणजे माझा नवरा. त्याला गाडी चालवता येत नव्हती.

रविवारी नणंदेचे यजमान जेवायला आले. ते मानेसरच्या एका कारखान्यात मॅनेजर होते. तिथे गाड्यांच्या दारांच्या मुठी बनत; पण बोलायला लागले की वाटावं, देशातलं प्रत्येक इंजिन यांच्याच हातून उतरलंय. खाली जायचीही तसदी न घेता, श्रीखंडाची वाटी चाटूनपुसून साफ करत त्यांनी निकाल दिला, "वहिनी, इंजिन खलास आहे. पिस्टनच्या रिंगा गेल्या. उतरवावं लागणार, बिल्कुल."

"भावोजी, ब्रेक दाबला की वाढतं हो ते."

"तो भास असतो. बायका घाबरून जोरात दाबतात."

नवरा वाटीत बघत राहिला. मी चक्क हसले आणि त्यांना आणखी श्रीखंड वाढलं. त्यांच्यापेक्षा त्या हसण्याचीच मला जास्त किळस येते.

ते गेल्यावर नवऱ्याला खाली नेऊन सीटवर बसवलं. हँडब्रेक ओढला, इंजिन चालू केलं, बॉनेट उघडलं. "मी सांगेन तेव्हा मधलं पेडल दाब. एवढं जमेल ना?"

त्याने दाबलं. इंजिन हललं आणि त्याच्या पायापाशी फुस्स असा आवाज आला. "यार, इथे हवा कुठून येतेय?" तो म्हणाला. इतक्या दिवसांत गाडीबद्दल बोललेलं त्याचं हे पहिलं कामाचं वाक्य.

पेडलच्या पुढे, बॉनेटखाली, पातेल्याएवढा काळा डबा होता, ब्रेक हलका करणारा बूस्टर. त्याच्यापासून एक जाड रबरी पाइप इंजिनात जात होता. मी इंजिन बंद करून तो पाइप डब्यावरून उपसला, त्याच्या तोंडात बाटलीचं बूच घट्ट बसवलं आणि इंजिन पुन्हा चालू करायला लावलं. आता पेडल दाबलं तरी इंजिन हललं नाही. डबा आतून फाटला होता. ब्रेक दाबला की त्यातून नको ती हवा इंजिनात शिरत होती. रिंगा जागच्या जागी होत्या. गेली होती ती या लोकांची ऐकायची शक्ती.

सोमवारी मेकॅनिकला म्हटलं, "ब्रेकचा बूस्टर बदला. दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही." त्याने बदलला. थडथड गेली, ब्रेकही हलका झाला. "सर ने पकड़ा होगा," तो म्हणाला. या वेळी मी हसले नाही.

पुढे एका मुंजीत भावोजी पाहुण्यांना सांगत होते, वहिनींच्या गाडीचा रोग आपण जेवता जेवता कसा ओळखला. मी पंगतीतून उठून तिथे गेले. "भावोजी, काय बिघडलं होतं ते सांगा की सगळ्यांना."

"अं... कार्बोरेटरच, नाही का?"

"नाही," मी म्हटलं, आणि काय ते मात्र सांगितलं नाही. त्यांना ते अजून ठाऊक नाही.