टाळ्यांचा बंदोबस्त

माझ्या भाचीला भरसभेत गप्प बसवण्याची योजना मी आखली होती, आणि ती अतिशय पद्धतशीर होती.

पल्लवी माझ्या धाकट्या भावाची, सुधाकरची मुलगी. कबड्डीत तिचं चांगलं नाव आहे. एका मुलाखतीत ती म्हणाली, शेजारच्या देशाशी खेळायचं की नाही हे ठरवताना खेळाडूंनाही कुणीतरी विचारावं. झालं! देवळीच्या आपल्या कापडाच्या दुकानात सुधाकरने परराष्ट्र धोरण हाती घेतलं (गिऱ्हाईक ताटकळत उभं!).

"पोरीनं कबड्डी खेळावं. देशाचं पाह्यले दिल्ली हाय!"

तिनेही उलट सुनावलं. मग दोन महिने बापलेकीचा अबोला. एकाच घरात राहून निरोप मात्र फोनवरून सिंदी मेघेला माझ्याकडे. "ताई, भात झाला म्हणून सांग तिले."

अशात देवळीच्या समाजभवनात तिचा सत्कार ठरला. सुधाकरने बजावलं, "पुन्हा तेच बोलली, तं मी उठून जाईन. मंग जन्मात बोलत नाई."

तो बोलल्याप्रमाणे करतो. म्हणून मी भजनी मंडळाला पुढच्या दोन रांगांत बसवलं आणि स्वतः कडेला, त्यांना दिसेन अशी बसले. मंडळाच्या प्रमुख कमलकाकूंना सांगितलं, "मी चष्मा काढला की टाळ्या. थांबायचंच नाही. भाषण आपोआप संपतं."

"काऊन वं, पोरगी वाईट बोलते का?"

"वाईट नाही हो. पण बोलते!"

एप्रिलचं ऊन आणि बंद पडलेला कूलर मी हिशेबात धरला नव्हता. अध्यक्ष म्हणाले, "दुःखाची गोष्ट ही, की आपल्या गावाला धड मैदान नाही," आणि मी घाम पुसायला चष्मा काढला. कडकडाट! अध्यक्षांनी दचकून पाणी मागितलं.

मग पल्लवी उठली. "खेळाडूला मत असू नये, असं काहींना वाटतं..." मी लगेच चष्मा काढला. काय त्या टाळ्या! पोरगी हात जोडून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले.

"मला वाटलं होतं, तुम्ही रागावाल. तुम्हाला एवढं पटतंय, तर सगळंच सांगते."

दोन मिनिटांसाठी उठलेली मुलगी वीस मिनिटं बोलली. मी चष्मा काढला, घातला, काढला. चष्म्याशिवाय मला सुधाकरची खुर्चीही दिसेना. बसलाय की गेला?

"एकदा त्यांच्या मुलींशी खेळलो होतो," पल्लवी सांगत होती. "एकीचा पाय धरला. माझ्यासारखीच घामाने भिजलेली होती, माझ्याइतकीच घाबरलेली."

मी पुन्हा चष्म्याला हात घातला. कमलकाकू माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमी चष्मा ठेवा ना जागेवर! आयकू द्या."

तेवढ्यात सुधाकर उठला. संपलं सगळं, मी मनात म्हटलं. पण तो दाराकडे गेला नाही. वर्गातल्या पोरासारखा हात वर करून उभा राहिला.

"मॅडम," पोटच्या पोरीला म्हणतो, "मले हे पटलं नाई. आपले जवान सीमेवर उभे, अन् आपण खेळाव? सांगा."

पल्लवी म्हणाली, "बाबा, प्रश्न बरोबर आहे तुमचा. माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही."

दोन महिन्यांनी 'बाबा' ऐकलं त्याने. वर केलेला हात खाली घेऊन म्हणाला, "मंग घरी चाल. बसून बोलू."

घरी मी हळूच विचारलं, "उठून जाणार होतास ना?"

"साऱ्या गावाले आयकाव वाटलं. मीच तेवढं नाई आयकलं, ताई."

मी टाळ्यांबद्दल काही बोलले नाही. आजतागायत बोललेले नाही.

जेवताना दोघं कडाडून भांडली. कुणी तसूभर मागे हटलं नाही, पण तो तिच्या पानात भाकरी वाढत होता आणि ती त्याचं बोलणं पुरं होऊ देत होती. मग अचानक दोघंही माझ्याकडे वळली.

"आत्या, तुला काय वाटतं?"

"हो ताई, तू सांग."

बावीस वर्षं मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतेय. परराष्ट्र धोरणाचा धडा मला तोंडपाठ आहे. मी दोघांकडे पाहिलं, नीट विचार केला आणि म्हणाले, "शेंगदाण्याची चटणी कोणाला हवी?"